रेडिओ-नियंत्रित युद्धनौकांचा छंदगट : पहिले जहाज कोणते घ्यावे आणि पाणी कुठे शोधावे?

सुकाणू_पुणे

सर्व सदस्यांना नमस्कार.

आम्ही पुण्यातील चौघे जण गेल्या दीड वर्षापासून रेडिओ-नियंत्रित युद्धनौकांच्या प्रतिकृती बांधण्याचा प्रयत्न करीत आहोत. चौघांपैकी आम्ही दोघे महाविद्यालयात असताना एनसीसीच्या नौदल विभागात होतो. तिथे जहाजांच्या प्रतिकृती बांधण्याची स्पर्धा असते. तेव्हा लागलेली ही आवड नोकरी आणि संसाराच्या वीस वर्षांत बाजूला पडली होती, ती आता पुन्हा उचल खाऊ लागली आहे. पुढेमागे एक रीतसर गट स्थापन करावा, दर रविवारी कुठेतरी एकत्र जमावे आणि शाळकरी मुलांनाही त्यात ओढावे, असा आमचा मानस आहे. मात्र पहिल्याच जहाजाने आम्हाला असा धडा दिला आहे की जाणकारांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये असे वाटते.

पहिले जहाज म्हणून मी आयएनएस खुकरी निवडले होते. काही वर्षांपूर्वी दीवला गेलो असताना समुद्राकडे पाहणाऱ्या टेकडीवरील स्मारकात, काचेच्या घरात ठेवलेली खुकरीची प्रतिकृती पाहिली होती. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री बुडालेल्या त्या जहाजाबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, हे तिथे उभे राहून आठवताना माझा पाय निघत नव्हता. हे जहाज आपण पुन्हा पाण्यावर चालवायचे, हे तेव्हाच मनाने घेतले.

प्रमाण १:९६ धरले. त्यामुळे लांबी ९८ सेंटिमीटर आणि रुंदी साडेदहा सेंटिमीटर झाली. प्लायवूडच्या बरगड्या, त्यावर बाल्सा या हलक्या लाकडाच्या पट्ट्या आणि वरून फायबरग्लास, असे कवच केले. डेकवरची सगळी बांधणी मजबुतीसाठी ३ मिलिमीटर प्लायमध्ये केली. बॅटरी हाताशी राहावी म्हणून डेकच्या लगेच खाली एका फळीवर बसवली. तयार जहाजाचे वजन २ किलो ४०० ग्रॅम भरले.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्यांच्या शेताजवळील तळ्यात ते प्रथम सोडले. सरळ रेषेत फार सुरेख गेले. तिसऱ्या फेरीला मी उजवीकडे सुकाणू दिले तेव्हा जहाज डावीकडे कलले. सुकाणू मध्यावर आणले तरी ते तसेच कललेले राहिले, आणि मग कसलीही घाई नसल्यासारखे आडवे झाले. तळाचा तांबडा रंग काही क्षण पाण्यावर दिसत होता. दोरीने ओढून बाहेर काढले. ते बुडाले नाही, पण चौदा महिन्यांचे काम असे कुशीवर पडलेले पाहून आम्ही चौघेही बराच वेळ काही बोललो नाही. उघडून पाहिले तर जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याजवळून पाझरलेले आणि आडवे झाल्यावर शिरलेले मिळून पाऊण लिटर पाणी आत होते. त्यातले किती आधीचे, हे सांगता येत नाही.

माझे प्रश्न असे. चूक नेमकी कुठे झाली? नवशिक्यांनी पहिली युद्धनौका कोणती घ्यावी? आमच्यातील एकाच्या मनात विक्रांत आहे, त्याला काय सांगावे? आणि पाण्याचे काय करावे? जवळच्या तलावावर जलपर्णी इतकी आहे की पंखा दोन मिनिटेही फिरणार नाही. दुसऱ्या एका तलावासाठी आम्ही संबंधित कार्यालयात अर्ज दिला, चार वेळा जाऊन आलो, पण होकार किंवा नकार काहीच मिळालेले नाही.

---

जुना_गोदीवाला

सुकाणू, तुमचे जहाज आडवे झाले याचे वाईट वाटले, परंतु तुम्ही वजन मोजून लिहिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी मुंबईच्या गोदीत एकतीस वर्षे जहाजांच्या सांगाड्याचे काम केले आणि निवृत्तीनंतर ठाण्यात प्रतिकृती बांधतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रतिकृतीची लांबी ज्या प्रमाणात घटते त्याच्या घनाने तिचे वजन घटते, ही गोष्ट ऐकून सर्वांना माहीत असते, पण बांधताना हटकून विसरली जाते. खुकरीचे पूर्ण भारित वजन सुमारे १४५० टन होते. ९६ चा घन ८,८४,७३६ होतो. भागून पाहा, उत्तर साधारण १ किलो ६५० ग्रॅम येते. म्हणजे तुमच्या जहाजाला कवच, मोटार, बॅटरी, रिसीव्हर (रेडिओचे हुकूम घेणारे यंत्र), रंग, तोफा आणि झेंडा हे सारे मिळून एवढ्यातच बसवायचे होते, आणि तुम्ही पाऊण किलो जास्त भरले. एवढ्या लांबीरुंदीच्या जहाजात पाऊण किलो म्हणजे ते जवळपास एक सेंटिमीटर अधिक खोल बसणार. तेवढ्याने एकवेळ भागले असते. पण तो पाऊण किलो तुम्ही कुठे ठेवला, तर ३ मिलिमीटर प्लायच्या रूपाने डेकच्या वर आणि बॅटरीच्या रूपाने डेकच्या लगेच खाली. जहाजाचा भार तळाशी हवा, तुमचा गळ्याशी होता.

त्यात पाणी. जहाजात शिरलेले पाणी स्वस्थ बसत नाही, जहाज ज्या बाजूला कलते त्याच बाजूला धावते आणि तिकडचा भार वाढवते. या मोकळ्या पाण्याचा पसारा जितका रुंद, तितका त्याचा उपद्रव त्या रुंदीच्या घनाने वाढतो. वळताना जहाज वळणाच्या बाहेरच्या बाजूला कलते. तुम्ही उजवीकडे वळलात, जहाज डावीकडे कलले, पाणी डावीकडे धावले आणि तिथेच थांबले. तुम्ही लिहिले आहे की सुकाणू मध्यावर आणल्यावरही जहाज कललेलेच राहिले. ते वाचताक्षणी आत आधीपासून पाणी होते हे मला कळले. केवळ वरचा भार जास्त असता तर ते बहुधा एकतर सावरले असते किंवा झटक्यात उलटले असते, असे संथपणे आडवे होणे बहुतेक वेळा पाण्याचे लक्षण असते.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. जहाज आपण लहान करतो, वारा लहान करता येत नाही. वेगाचा हिशेब प्रमाणाच्या वर्गमुळाने होतो आणि ९६ चे वर्गमूळ ९.८ आहे. तळ्यावर ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल, जो अंगावर सुखद वाटतो, तर तुमच्या खुकरीच्या दृष्टीने तो ताशी १४७ किलोमीटरचा झंझावात असतो. याच हिशेबाने खुकरीचा सुमारे २७ नॉट वेग तळ्यावर ताशी पाच किलोमीटर होतो, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाइतका. त्याहून जोरात पळवू नका, ते दिसायलाही बरे दिसत नाही आणि वळणावर तोलही जातो.

आता दुरुस्ती. वरची प्लायची बांधणी काढून टाका आणि तीच अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरीन शीटमध्ये, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पत्र्यात, पुन्हा करा. हे सांगणे जिवावर येते, पण त्याला पर्याय नाही. बॅटरी तळाला, अगदी कण्यालगत आणा. दांड्याच्या नळीत ग्रीस भरा आणि नळीचे आतले तोंड पाण्याच्या पातळीच्या वर येईल इतके उंच घ्या. ज्या जागा रिकाम्या आहेत तिथे थर्माकोल ठासून बसवा, म्हणजे पाण्याला धावायला जागा राहणार नाही आणि जहाज बुडणारही नाही. इतके करून वजनात सवड राहिली, तरच शिसे घाला. कोळीवाड्यात जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या मिळतात, त्या कापडी पुरचुंडीत बांधून तळाशी ठेवल्या तर हव्या तशा सरकवता येतात.

एक चाचणी कायमची लक्षात ठेवा. पाण्याने भरलेल्या पिंपात किंवा टाकीत जहाज ठेवा, डेकची कड एका बोटाने पाण्याला टेकेपर्यंत दाबा आणि बोट काढा. जहाज ताडकन वर आले पाहिजे आणि दोन-तीन झोके घेऊन उभे राहिले पाहिजे. बोट काढल्यावर ते विचार करीत वर येत असेल, तर त्या जहाजाला तळ्यावर नेऊ नका.

पहिल्या जहाजाविषयी. खुकरीसारख्या फ्रिगेट अरुंद असतात, म्हणून त्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला घ्याव्यात. माझे मत क्षेपणास्त्र नौकेच्या बाजूने आहे. आयएनएस निर्घात घ्या. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर चालून गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या तीन नौकांपैकी ती एक. लांबी ३८.६ मीटर, रुंदी ७.६ मीटर, पूर्ण भारित वजन सुमारे २०९ टन. हिचे १:४० प्रमाण धरले तर लांबी साडेशहाण्णव सेंटिमीटर येते, म्हणजे तुमच्या खुकरीएवढीच. पण रुंदी १९ सेंटिमीटर आणि वजन ३ किलो २७० ग्रॅम येते. लांबी तितकीच, आणि रुंदी व वजनाची सवड जवळपास दुप्पट. शिवाय हिच्या तळाला कोन आहे, गोलाई नाही. त्यामुळे पट्ट्या एकेक करून जोडत बसावे लागत नाही, पातळ प्लायचे मोठे तुकडे वाकवून कवच बंद करता येते.

३ किलो २७० ग्रॅमचा जमाखर्च मी असा मांडीन : कवच १ किलो १००, मोटार आणि वेगनियंत्रक ३००, सहा व्होल्टची साडेचार अँपिअर-तासांची बॅटरी ७५०, रिसीव्हर व सुकाणूची सर्व्हो मोटार १००, वरची बांधणी ३५०. सुमारे पावणेसातशे ग्रॅम शिल्लक राहतात, ते शिसे. मूळ नौकेला तीन पंखे होते. तुम्ही फक्त मधला फिरता ठेवा, बाजूचे दोन शोभेपुरते बसवा.

मूळ नौका जवळून पाहायची असेल तर कारवारला रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर आयएनएस चपळ संग्रहालय म्हणून जमिनीवर उभी आहे. गोव्याच्या सीमेपासून ते जवळ आहे. मोजपट्टी घेऊन जा आणि डेकवरच्या प्रत्येक कडीकोयंड्याची छायाचित्रे काढा. पण एक सावधगिरी बाळगा. चपळ ही नंतरच्या प्रकारातील आहे. तिची क्षेपणास्त्रांची आवरणे नळकांड्यासारखी गोल आहेत. निर्घातची पेटीसारखी होती. कवच चपळवरून घ्या, आवरणे घेऊ नका. ही चूक मी एका चांगल्या कारागिराच्या हातून झालेली पाहिली आहे आणि त्याला ती चारही आवरणे पुन्हा करावी लागली.

विक्रांतच्या इच्छुकाला सांगा की १:१४४ प्रमाणात जुनी, १९७१ च्या युद्धातली विक्रांत १४८ सेंटिमीटर लांब आणि साडेसहा किलो होते. पाण्याच्या रेषेला रुंदी १७ सेंटिमीटर, पण वर उड्डाणडेक २७ सेंटिमीटर. हा एवढा पसारा वरच्या वर असल्याने तो कागदासारखा हलका करता आला पाहिजे. त्यांना दोन वर्षे थांबायला सांगा.

माझ्याकडे सध्या नीलगिरी आहे, १:७२ मध्ये. मूळ जहाज माझगाव गोदीत बांधलेले आणि ३ जून १९७२ ला नौदलात दाखल झालेले. प्रतिकृती १५७ सेंटिमीटर लांब, पावणेआठ किलोच्या थोडी वर. तिच्या पोटात यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी सुखाने मावते आणि तीच भार म्हणून उपयोगी पडते. ठाण्याला कधी आलात तर अवश्य पाहायला या.

---

रत्नागिरीच्या_बाई

गोदीवाले काकांनी सर्व काही सांगितले आहे, मी केवळ मुलांच्या संदर्भात लिहिते, कारण मी शाळेत शिकवते आणि दरवर्षी सुट्टीत मुलांकडून नौकांच्या प्रतिकृती करून घेते.

लाकूड कापण्याच्या आधी संपूर्ण जहाज एकदा पुठ्ठ्यात बांधा. लग्नपत्रिकांचा जाड कागद आणि बिस्किटांच्या खोक्यांचा पुठ्ठा यासाठी पुरतो. बरगड्यांचे आकार पुठ्ठ्यात कापून कण्यावर उभे केले आणि त्यांवर दोरा ताणून पाहिला की कुठली बरगडी फुगली आहे आणि कुठली आत गेली आहे, ते मुलांच्याही डोळ्याला लगेच दिसते. आमच्याकडे होड्या बांधणारे कारागीर अजूनही कण्याला पठाण आणि पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. मी मुलांना एकदा त्यांच्याकडे नेऊन बसवते. नाळेपाशी फळी वाकवताना ते ती ओल्या फडक्याने शेकतात, ते पाहिल्यानंतर मुलांनी पातळ प्लाय गरम पाण्यात बुडवून वाकवला आणि एकही तुकडा मोडला नाही.

दुसरे म्हणजे वजनाचा अंदाज कागदावर मांडण्यापूर्वी पाण्यालाच विचारा. रिकामे कवच टाकीत तरंगत ठेवायचे, त्यावर आखलेल्या पाण्याच्या रेषेपर्यंत ते बुडेल इतक्या पाण्याच्या बाटल्या आत ठेवायच्या आणि मग त्या बाटल्या काट्यावर ठेवायच्या. जे वजन येईल तेवढेच सामान जहाजात जाईल. सातवीतल्या मुलीने हे करून दाखवले तेव्हा तिला आर्किमिडीजचे तत्त्व पुन्हा शिकवावे लागले नाही.

---

गोदाकाठ_नाशिक

पाण्याविषयी आणि रेडिओविषयी माझा अनुभव सांगतो.

आमच्या गटातील सर्व चाचण्या शेततळ्यात होतात. द्राक्षबागांमुळे इकडे शेततळी पुष्कळ आहेत, पाणी स्वच्छ असते, जलपर्णी नसते, आणि परवानगी केवळ शेताच्या मालकाची लागते. परंतु हे वाचून कोणी तडक शेततळ्यावर जाऊ नये, म्हणून पुढचे नीट वाचावे. अस्तर घातलेल्या शेततळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. उतार तीव्र असतो. पोहता येणारा माणूसही आत घसरला तर त्याला वर चढता येत नाही, आणि दरवर्षी अशा दुर्घटना घडतात. आमचा नियम असा आहे की काठावरच्या झाडाला किंवा खुंटाला बांधलेला गाठींचा दोर आणि हवा भरलेली ट्यूब पाण्यात टाकल्याशिवाय कोणीही हातातला प्रेषक (हुकूम पाठवणारे यंत्र) चालू करायचा नाही. मुले कुंपणाच्या बाहेर. बंद पडलेले जहाज आणायला पाण्यात उतरायचे नाही, कितीही किमती असो. गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो जहाजाच्या पलीकडे फेकायचा आणि दोरी हळूहळू ओढत जहाज काठाला आणायचे. याची सवय झाली की पाच मिनिटांत काम होते.

तलावावर जायचेच असेल तर परवानगीच्या अर्जाबरोबर इंधनाचे इंजिन नाही, तेल नाही, आवाज नाही आणि पक्ष्यांच्या विणीच्या काळात येणार नाही, हे चार मुद्दे स्वतंत्र कागदावर लिहून द्यावेत. आमच्या अर्जाचेही पहिल्या खेपेला काहीच झाले नव्हते. दुसऱ्या खेपेला आम्ही नोंदणीकृत संस्था म्हणून गेलो. संस्था नोंदणी अधिनियम १८६० नुसार सात सदस्य पुरतात. तुम्ही चौघे आहात, आणखी तिघे शोधा. व्यक्तीच्या अर्जावर सही करायला अधिकारी कचरतो, कारण उद्या काही झाले तर जबाबदार कोण हे त्याला माहीत नसते. संस्थेच्या अर्जावर त्याला ते ठाऊक असते. त्याची ही अडचण मला रास्त वाटते.

रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचाच घ्यावा. या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना आपल्याकडे परवाना लागत नाही, आणि एकाच वेळी पाच-सहा जहाजे चालवली तरी एकाचा संदेश दुसऱ्याला जात नाही. मात्र या लहरी पाण्यातून जात नाहीत, म्हणून रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर, शक्य तर डोलकाठीत चढवावी. मी पहिल्या जहाजात ती तळाशी बॅटरीशेजारी गुंडाळून ठेवली होती. जहाज तीस मीटरवर गेले की हुकूम ऐकेनासे होई.

आणि बाइंडिंग करतानाच, म्हणजे प्रेषक आणि रिसीव्हर यांची जोडी जुळवतानाच, हे ठरवून ठेवा की संदेश तुटला तर मोटार थांबली पाहिजे. काही रिसीव्हर शेवटचा हुकूम तसाच धरून ठेवतात. तो हुकूम पूर्ण वेगाचा असेल तर जहाज पलीकडच्या दगडी भिंतीवरच थांबते. घरी जहाज स्टँडवर ठेवा, पंखा फिरता ठेवा आणि प्रेषक बंद करून पाहा. पंखा थांबला नाही तर घराबाहेर पडू नका. सामानासाठी तुम्हाला फार फिरावे लागणार नाही, पासोड्या विठोबाच्या आसपास बुधवार पेठेत बहुतेक सर्व मिळते. पंख्याचा दांडा आणि पितळी बुश मात्र ओळखीच्या लेथवाल्याकडून समोर उभे राहून करून घ्यावेत.

---

टेक्सासकर

मी मूळचा साताऱ्याचा, गेली अकरा वर्षे टेक्सासमध्ये आहे. इकडे या छंदाची एक वेगळी शाखा आहे, तिच्यात मी सहा वर्षे भाग घेतो. तिच्यातील काही गोष्टी तुमच्या गटाला उपयोगी पडतील असे वाटते.

या शाखेत युद्धनौका खरोखर एकमेकींवर मारा करतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा प्रकार टेक्सासमध्येच सुरू झाला. जहाजे १:१४४ प्रमाणात असतात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील खऱ्या युद्धनौकांवरून बांधलेली असतात. बरगड्यांवर जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा बाल्सा चिकटवलेला असतो. तोफांमधून कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने साडेचार मिलिमीटरच्या पोलादी गोळ्या सुटतात, त्या बाल्सा भेदून जातात. जहाजात पाणी भरते, आतला पंप ते उपसत राहतो, आणि पंपाला आवरेनासे झाले की जहाज बुडते. बुडताना एक तरंगता गोळा दोरीसह वर येतो, त्यावरून जहाज शोधून काढतात, वाळवतात, भोकांवर ठिगळे लावतात आणि दुपारी पुन्हा पाण्यात सोडतात. काठावरच्या प्रत्येकाने, अगदी पाहायला आलेल्या आजोबांनीही, संरक्षक चष्मा लावलाच पाहिजे. चष्मा नसलेला एक माणूस दिसला तरी खेळ थांबतो.

हा प्रकार तुम्ही सुरू करावा असे मी सुचवत नाही. पोलादी गोळ्या झाडणारे साधन सार्वजनिक तलावावर नेणे हा आपल्याकडे वेगळाच विषय आहे. शिवाय सुकाणूंच्या मनात ज्या भावनेने खुकरी आली, त्या भावनेला हा खेळ मानवणारा नाही, आणि मी स्वतः आपल्या नौदलाचे जहाज अशा लढाईत कधी उतरवणार नाही. पण येथील गट ज्या काटेकोरपणे चालतो तो काटेकोरपणा घेण्यासारखा आहे. लढाईआधी प्रत्येक जहाज काट्यावर चढते. मूळ जहाजाच्या वजनावरून प्रतिकृतीच्या वजनाची मर्यादा ठरलेली असते. त्यानंतर ठरावीक अंतर धावायला लावून वेग मोजतात, कारण प्रत्येक वर्गाच्या जहाजाला वेगाची मर्यादा आहे. काटा, घड्याळ आणि लिहिलेले नियम ही तीन साधने असल्यामुळे वाद होत नाहीत. तुम्ही पहिल्याच दिवशी एक चांगला काटा गटाच्या पैशातून घ्या. त्या काट्यावर खुकरी चढली असती तर ती तळ्यापर्यंत गेलीच नसती.

लढाईऐवजी स्पर्धा हवी असेल तर युरोपात रुळलेली सुकाणूकामाची पद्धत फार सुंदर आहे. पाण्यात तरंगत्या खुणांच्या जोड्या लावून दरवाजे करतात, जहाज ठरलेल्या क्रमाने त्यांमधून न्यायचे, एका दरवाजातून उलटे यायचे आणि शेवटी छोट्या धक्क्याला अलगद लावायचे. बांधणीचे गुण वेगळे आणि सुकाणूकामाचे वेगळे दिले जातात. थर्माकोलचे गोळे आणि खाली बांधलेले दगड एवढ्यात त्या खुणा तयार होतात. तीन मीटर अंतरावरून सोपा वाटणारा दरवाजा चाळीस मीटरवर गेल्यावर किती अरुंद होतो, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

---

सुकाणू_पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरे छापून घेतली आणि शनिवारी चौघे मिळून खुकरी उघडली.

गोदीवाले काका, आपले निदान शब्दशः खरे ठरले. वरची प्लायची बांधणी सुटी करून काट्यावर ठेवली तेव्हा ती एकटीच ६२० ग्रॅम भरली. मला ती फार तर तीनशे वाटत होती. दांड्याच्या नळीचे आतले तोंड पाण्याच्या रेषेच्या दीड सेंटिमीटर खाली होते. ते मी केवळ मोटार सरळ बसावी म्हणून तसे ठेवले होते. नळीत ग्रीस होते, पण दांडा हाताने फिरवला तेव्हा ते एका बाजूला सुकून गेले होते आणि दुसऱ्या बाजूने केसाएवढी फट दिसत होती. तेवढ्या फटीतून पाणी आले.

बॅटरी कण्याजवळ नेली, बांधणीशिवाय जहाज पिंपात ठेवले आणि बोटाची चाचणी केली. डेकची कड दाबून सोडली तर जहाज इतक्या जोरात वर आले की पिंपातले पाणी माझ्या मित्राच्या चष्म्यावर उडाले. मग काढलेली बांधणी नुसती वर ठेवून तीच चाचणी केली. जहाज वर आले, पण आपण लिहिले आहे तसे, विचार करीत. दोन्हींतील फरक डोळ्यांनी पाहिल्यावर प्लाय फेकून देण्याचे दुःख राहिले नाही. स्टायरीनचे काम सुरू केले आहे.

बाईंच्या सांगण्याप्रमाणे निर्घातच्या बरगड्या पुठ्ठ्यात कापल्या आहेत. सहाव्या आणि सातव्या बरगडीमध्ये दोरा आत जातो आहे, म्हणजे आराखडा मोठा करताना कुठेतरी चूक झाली असणार. दिवाळीच्या सुट्टीत दोघे कारवारला जाऊन मोजमापे घेऊन येणार आहोत, तोवर प्लायला हात लावणार नाही. आवरणांचे ध्यानात ठेवले आहे.

गटासाठी पाचवा सदस्य मिळाला आहे, तो मित्राच्या कारखान्यात लेथ चालवतो. दोघे अजून हवेत. नाशिकच्या पद्धतीचा गाठींचा दोर वीस मीटरचा घेतला, ट्यूब ट्रकच्या टायरची मिळाली, आणि काटा दहा किलोपर्यंतचा, पाच ग्रॅमचा फरक दाखवणारा आहे.

काका, एक विचारायचे राहिले. नळीचे तोंड वर घेतले की दांडा तिरका होतो आणि मोटारीशी सरळ रेषेत येत नाही. तिथे सांध्याला रबरी नळीचा तुकडा चालेल, की दोन्ही बाजूंनी वाकणारा पितळी सांधाच करून घ्यावा?

---

जुना_गोदीवाला

सांधाच करून घ्या. रबरी नळी नव्याने छान चालते, परंतु उन्हाने महिन्या-दोन महिन्यांत कडक होते आणि नेमकी तळ्याच्या मध्यावर पीळ खाऊन सुटते. तुमच्याकडे लेथवाला सदस्य आहेच, त्याला सांगा की दांडा चार मिलिमीटरचा आहे की कसे ते आधी मापून पाहा आणि सांध्याच्या दोन्ही टोकांना बारीक स्क्रू ठेवा, म्हणजे मोटार बदलताना सांधा कापावा लागणार नाही. शक्य असेल तर मोटारीची बैठकही त्याच तिरक्या कोनात बसवा, मग सांध्यावर ताण उरत नाही. आणि खुकरीची बांधणी पूर्ण झाली की झेंडा लावण्याआधी पुन्हा एकदा काट्यावर ठेवा. आकडा इथे लिहा, मी वाट पाहतो.